उमललेलंच आणा

उतारवयाकडे झुकताना माणसानं काहीतरी नवं शिकावं, असं सगळेच सांगतात. सांगायला कुणाचं काही जात नाही. पण एखादा खरोखरच शिकायला लागला की हेच लोक चहाचा कप हातात घेऊन बघायला येतात आणि कप रिकामा झाला तरी हलत नाहीत. चादरवाल्या काकांचं नेमकं हेच झालं.

काका एका कापड गिरणीच्या डिझाइन खात्यात होते. चादरी, पडदे आणि उशांचे अभ्रे यांच्यावरची फुलं काढायची, हे त्यांचं काम. तरुणपणापासून त्यांनी फुलांशिवाय दुसरं काही काढलं नव्हतं. एकदा मालकांच्या आग्रहाखातर पोपट काढला होता, पण चोचीकडे डोकं करून झोप लागत नाही अशी गिऱ्हाइकांची तक्रार आली आणि काका पुन्हा फुलांकडे वळले. ते राहत त्या इमारतीच्या निम्म्या गॅलऱ्यांत त्यांचीच फुलं वाळत पडलेली असत. त्यावरूनच त्यांना चादरवाले काका हे नाव चिकटलं होतं. काका ते हसण्यावारी नेत. मनात मात्र एक गोष्ट त्यांना खुपत होती. शहरभर लोक त्यांच्या चित्रांवर झोपत होते, लोळत होते, आजारपणं काढत होते. पण त्यांच्या चित्रासमोर उभं राहून ते आजवर एकाही माणसानं पाहिलं नव्हतं.

उभं राहून चित्रं पाहण्याची सोय शहरात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे कलामंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात. काका दरवर्षी तिथे एक चित्र नेऊन देत आणि दरवर्षी ते ‘शोभिवंत आहे’ असा शेरा घेऊन परत येई. पहिल्या वर्षी काकांना तो शेरा वाचून आनंद झाला होता. कलामंडळात हा शब्द शिवीसारखा वापरतात, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं.

यंदा मंडळानं एक नवा विभाग काढला, मोबाइल फोनवरच्या कलेचा. अट अशी की चित्र फोनच्या पडद्यावर हललं पाहिजे आणि ते हलवणारा कोड कलाकारानं स्वतः लिहिलेला पाहिजे. नवा विभाग, म्हणजे भिंत रिकामी, म्हणजे जागा मिळण्याची आशा, एवढा हिशोब काकांनी मनाशी केला आणि ते नाव द्यायला मंडळाच्या कचेरीत गेले. सचिव मान खाली घालून लिहीत होते. बाजूच्या बाकावर शहरातले चार मान्यवर चित्रकार उगाचच बसले होते.

“तुम्हाला कोडिंग येतं?” सचिवांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

“येतं की,” काका म्हणाले.

असं आपण का म्हणालो, हे काकांना पुढे बरेच दिवस कळलं नाही. कदाचित बाकावरचे चौघे हसले नसते तर म्हणाले नसते. पण ते हसले, आणि सचिवांनी नाव लिहून घेतलं. आता ऐन वेळी माघार घेतली असती तर त्या भिंतीचं तोंड पुन्हा कधी बघायची सोय राहिली नसती.

घरी काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. काकू शाळेत गणित शिकवत, त्यामुळे चुकीचं उत्तर ऐकल्यावर शांत राहायची त्यांना सवय होती.

“कोडिंग म्हणजे काय, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?”

“माहीत असतं तर क्लास कशाला लावला असता?”

“पण येतं म्हणून सांगून आलात ना.”

“तेव्हा मी जरा घाईत होतो,” काका म्हणाले.

क्लास एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत होता. ‘चित्रकारांसाठी मोबाइल कोडिंग’ अशी पाटी होती. शिकवणाऱ्या मॅडम वयानं काकांच्या निम्म्या, पण आवाजात असा विश्वास की त्या बोलायला लागल्या की खालची शिलाई मशिनं बंद पडल्यासारखी वाटत. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, “फोन हुशार असतो असं लोक म्हणतात. अजिबात नसतो. जेवढं सांगाल तेवढंच करतो. न सांगितलेलं काही करत नाही.” काकांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, “म्हणजे घरात अगोदरच एक आहे.”

पहिला धडा वर्तुळाचा होता. वर्तुळाचा मध्य कुठे ठेवायचा ते फोनला दोन आकड्यांत सांगायचं. काकांनी दोन्ही आकडे शून्य दिले. फोननं इमानेइतबारे वरच्या डाव्या कोपऱ्यात वर्तुळाचा पाव हिस्सा काढला. उरलेले तीन हिस्से पडद्याबाहेर गेले. वर्गातल्या कुठल्याही मुलानं हे बघून आकडे बदलले असते. पण काकांचा जन्म चादरीत गेला होता. चादरीच्या धंद्यात एका कोपऱ्यात पाव फूल काढायचं, उरलेले पाव पाव हिस्से बाकीच्या तीन कोपऱ्यांत काढायचे, म्हणजे तुकडे शेजारी शेजारी छापले की फूल आपोआप पुरं होतं. याला रिपीट म्हणतात आणि काका त्यात नावाजलेले होते. त्यांनी बाकीच्या तीन कोपऱ्यांत तीन पाव वर्तुळं काढली आणि समाधानानं फोन मॅडमच्या हाती दिला.

मॅडमनी फोन उलटसुलट करून बघितला. “छान. पण वर्तुळ कुठे आहे?”

“असे चार फोन जोडा,” काका म्हणाले, “मधोमध येईल.”

मॅडमनी काकांचा फोन परत दिला. मग त्यांनी दुसऱ्या मुलाचा फोन हातात घेतला.

काकांनी तो धडा घरी काकूंना दाखवला आणि तिथे वेगळंच प्रकरण उभं राहिलं. काकू वह्या तपासत होत्या. त्यांनी विचारलं, शून्य कुठे असतं? काकांनी सांगितलं, वरच्या डाव्या कोपऱ्यात. काकूंनी विचारलं, आणि उभा अक्ष? काकांनी सांगितलं, तो खाली वाढत जातो. काकूंनी लाल पेन खाली ठेवलं.

“खाली वाढतो?”

“हो.”

“जितकं खाली, तितकं जास्त?”

“मॅडम तसं म्हणाल्या.”

“माझ्या वर्गात एखाद्यानं असा आलेख काढला असता तर मी त्याच्या आईला बोलावून घेतलं असतं,” काकू म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी काकांबरोबर स्वतःच क्लासला गेल्या. मॅडमनी समजावलं की आपण पान वरून खाली वाचतो, तसाच फोनही पडदा वरून खाली भरतो. काकू म्हणाल्या, वाचणं वेगळं आणि मोजणं वेगळं. वाद बराच रंगला. शेवटी काकू मागच्या बाकावर बसून राहिल्या, कारण वाद अर्धवट टाकून उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि त्या दररोज यायला लागल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या फोनवर एक त्रिकोण स्वतःभोवती सुरेख गिरक्या घेऊ लागला. “काका, जरा काकूंचं बघून घ्या,” असं मॅडम भर वर्गात म्हणाल्या. काका निर्विकार चेहऱ्यानं काकूंचं बघू लागले. चित्रकार मी, हा विचार त्यांनी दिवसभर कुणाला बोलून दाखवला नाही.

पण फूल जेव्हा काढायचं ठरलं तेव्हा काकांचा हात कुणी धरू शकलं नाही. पाकळ्या कशा वळतात, देठ कुठून निघतो, हे त्यांना झोपेतही येत होतं. काकूंनी फक्त कोन काढून दिले. पडद्यावर एक फूल उमटलं. खरोखरच देखणं होतं. काकांना भरून आलं. मग त्यांनी ठरवलं की एक फूल म्हणजे काहीच नव्हे, रिपीट पाहिजे. त्यांनी फोनला सांगितलं: फूल काढ, एक घर पुढे सरक, पुन्हा फूल काढ. बस, एवढंच.

फोन थिजला. पडदा तसाच, बटणं दाबून काही होईना. फोन बिचारा सांगितल्या शब्दाला जागत पडद्याबाहेर, भिंतीपलीकडे फुलं काढत निघाला होता आणि तापत चालला होता. काकांनी तो टेबलावर ठेवला, मग पुस्तकावर ठेवला, मग फुंकर घालायला लागले.

शेजारचे एक्स्चेंजवाले नेमके त्याच वेळी आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि फोनचं काहीही असलं तरी तो आपल्या खात्याचा विषय आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी फोनला हात लावून बघितला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

“आमच्या एक्स्चेंजमध्ये यंत्रं तापली की खोलीच थंड करायचे. फ्रिजमध्ये ठेवा.”

“फ्रिजमध्ये?”

“वरच्या कप्प्यात नको. भाजीच्या.”

काकांनी फोन टोमॅटोंच्या शेजारी ठेवला. थोड्या वेळानं गारव्यानं म्हणा किंवा दमून म्हणा, फोन आपण होऊन बंद पडला, पुन्हा सुरू झाला, आणि लगेच फ्रिजमध्ये घंटी वाजली. काकूंनी दार उघडून फोन उचलला. गिरणीचे मॅनेजर होते. काका कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. काकूंना खोटं बोलता येत नसे. “इथेच आहेत. फोन थंड करायला ठेवला होता,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गिरणीत सगळेजण काकांच्या तब्येतीची चौकशी करत होते.

थंड फोन बाहेर आल्यावर त्याला घाम फुटला. एक्स्चेंजवाल्यांनी आता तांदळाचा सल्ला दिला. तांदूळ पाणी ओढून घेतो, हे तर लहान पोरालाही माहीत आहे, असं ते म्हणाले. तांदळानं पाणी ओढलं की नाही ते देव जाणे, पण तांदळाचा एक दाणा चार्जिंगच्या भोकात जाऊन बसला. दुरुस्तीच्या दुकानात माणसानं तो चिमट्यानं बाहेर काढला आणि उजेडात धरला. “फोन आहे की डबा?” एवढंच तो म्हणाला. काकांनी मान खाली घातली. एक्स्चेंजवालेही सोबत होते, पण ते त्या वेळी दुकानातले हेडफोन बघत होते.

मॅडमनी कोड वाचला आणि कपाळावर हात मारला. “काका, कुठे थांबायचं ते तुम्ही सांगितलंच नाही.”

“चादरीत थांबत नाहीत,” काका म्हणाले.

“मग चादर संपते कशी?”

“आम्ही नाही संपवत. आम्हाला कापतात.”

मॅडम हसल्या, पण काकांना हसू येत नव्हतं. एवढी वर्षं फुलं काढली, पण चित्र कुठे संपवायचं हे ठरवायची पाळी आपल्यावर कधी आलीच नाही, हे त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. त्यांनी पडदाभर फांदी पसरली, ती उजव्या कडेच्या जरा अलीकडे थांबवली, आणि थांबवल्यावर तिच्याकडे खूप वेळ बघत बसले. फांदीवर नुसत्या कळ्या. बोट लावलं की त्या जागची कळी हळूच उमलायची, बोट काढलं की मिटायची. काकूंनी बोट लावून बघितलं. मग दुसरं बोट लावलं. मग वह्या बाजूला सारून दहाही बोटं लावली. “चांगलं झालंय हो,” त्या म्हणाल्या. काकू कुणाला एवढे गुण सहसा देत नसत.

फोन खिशात घालून काका ताठ मानेनं कलामंडळात गेले. सचिवांनी फोनकडे बघितलं सुद्धा नाही.

“फ्रेम कुठे आहे?”

“फोनला फ्रेम?”

“नियम सात. कलाकृती चौकटीत, काचेसह, टांगण्याच्या तयारीत आणावी.”

“काचेमागे ठेवला तर बोट कसं लावणार?”

“बोट लावायचंच नाही. नियम आठ. कलाकृतींना हात लावू नये.”

“अहो, पण हात लावल्याशिवाय फूल उमलत नाही.”

सचिवांनी क्षणभर विचार केला. ते दुष्ट नव्हते. नियमात बसणारी एखादी वाट असली तर ती दाखवायला त्यांना आवडे.

“मग उमललेलंच आणा,” ते म्हणाले.

काका घरी आले ते सरळ आडवे झाले. ज्या चादरीवर आडवे झाले तीही त्यांचीच होती, त्यामुळे त्यांना आणखी वाईट वाटलं. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. उमललेलं फूल फ्रेममध्ये घालून द्यायचं तर मग ते कागदावरच काय वाईट होतं, आणि कागदावरच्या फुलावर काय शेरा येतो ते त्यांना पाठ होतं. एक्स्चेंजवाल्यांनी सांगितलं, मागून काठी घालून पडद्याला टोचता येईल. तळमजल्यावरच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, रबराचे हातमोजे घालून हात लावला तर ते हात लावणं धरत नाहीत. इमारतीत जो तो काकांच्या कळ्यांची काळजी वाहू लागला. शेवटी काकूच म्हणाल्या, “फोनला बोटं दिसत नसतील, पण कान आहेत ना? बोलल्यावर उमलू द्या.”

मॅडमना ही कल्पना एकदम पसंत पडली. त्यांनी फोनच्या माइककडून आवाज किती मोठा आहे ते कसं मागून घ्यायचं ते शिकवलं. हळू बोललं की एखादी कळी उमलेल, मोठ्यानं बोललं की घोस, आणि आवाज थांबला की सगळं हळूहळू मिटेल. काकांनी रात्रीचा दिवस वगैरे काही केला नाही. संध्याकाळी जेवणाआधी बसत आणि जेवण वाढलं की उठत. पण झालं ते मनासारखं झालं.

आवाजाची चाचणी घरच्या घरी झाली. काका फ्रेमसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “नमस्कार.” एक कळी जरा हलली.

“ऐकू तरी जाईल असं बोला,” काकू मागून म्हणाल्या, आणि अख्खी फांदी फुलली.

काका पुन्हा म्हणाले, “नमस्कार.” कळी पुन्हा जरा हलली. संसारात आपला आवाज नेमका किती पोचतो, हे इतक्या स्पष्टपणे मांडलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. एक्स्चेंजवाले आले, त्यांनी जुन्या सवयीनं “हॅलो, हॅलो, लाइनवर आहात का?” असं विचारलं आणि दोन फुलं उमलवली. वरच्या मजल्यावरून एक जण शिंक घेऊन आला. त्याला शिंकेचं फूल बघायचं होतं.

फ्रेम घेऊन काका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचले. मागून चार्जरची वायर बाहेर काढली होती, पडदा विझू नये अशी व्यवस्था केली होती, आणि या खेपेला फोन विमानात बसल्यासारखा ठेवला होता, म्हणजे मॅनेजर मध्येच फुलांतून बोलायला नकोत. सचिवांनी काच तपासली, खिळा तपासला आणि एका कोपऱ्यातली जागा दाखवली. काकांनी फ्रेम टांगली. चार पावलं मागे सरून बघितलं. खरोखरची भिंत, खरोखरचा दिवा. मग दिव्याच्या वर त्यांचं लक्ष गेलं. तिथे हातभर लांब पाटी होती: ‘कृपया शांतता राखा.’

“ही पाटी इथून हलवता येईल का?” काकांनी विचारलं.

“नियम नऊ,” सचिव म्हणाले.

“मग निदान खाली एक चिठ्ठी लावू? ‘कृपया बोला’ अशी.”

“सूचना लावायचा अधिकार फक्त मंडळाला आहे.”

उद्घाटनाच्या दिवशी हॉल माणसांनी भरला आणि त्या पाटीच्या धाकानं चिडीचूप राहिला. लोक पायांचा आवाज न करता एका चित्रापुढून दुसऱ्यापुढे सरकत. काकांच्या कोपऱ्याशी आले की हिरवी फांदी आणि मिटलेल्या कळ्या बघत, एकमेकांकडे बघत, आणि पुढे जात. कुणी तिथे थांबलंच तर बुटाची नाडी बांधायला. कचेरीतल्या बाकावरच्या चौघांपैकी एक जण दुसऱ्याच्या कानात कुजबुजला. त्या कुजबुजीनं एक कळी किंचित हलली, पण त्यांनी तोवर पाठ फिरवली होती.

काकू, मॅडम आणि एक्स्चेंजवाले भिंतीला टेकून उभे होते. “मी नुसता सतराचा पाढा म्हणते,” काकू ओठ न हलवता म्हणाल्या. काकांनी त्यांचा हात धरला. एकदाच जागा मिळाली आहे, गोंधळ झाला तर पुन्हा उंबरा चढू देणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. मोठ्या शिल्पकार होत्या. त्या काकांच्या फ्रेमपुढे थांबल्या. बाईंनी कळ्या बघितल्या, मान तिरकी करून पुन्हा बघितल्या, हातातल्या कागदावर काहीतरी अगदी थोडक्यात लिहिलं आणि वळल्या.

आता मात्र एक्स्चेंजवाल्यांना राहवेना. त्यांच्या खात्यात लाइन बंद पडलेली बघून हात बांधून बसायची पद्धत नव्हती. ते फ्रेमजवळ गेले, वाकले आणि म्हणाले, “हॅलो? हॅलो, लाइनवर आहात का?”

हॉलच्या दुसऱ्या टोकाहून सचिव तीरासारखे आले आणि फ्रेमकडे पाठ करून उभे राहिले. “कोण आहे ते? शांतता राखा. पाटी वाचता येत नाही का?”

त्यांच्या खांद्यामागे पाच-सहा फुलं उमलली. जवळच्या दोन मुलींनी तोंडावर हात ठेवला. लोक वळले.

“यात हसण्यासारखं काय आहे?” सचिवांनी आवाज चढवला, आणि खांद्यामागे घोस लागले. लोक जवळ आले. लोक जवळ आले म्हणून सचिव आणखी चिडले, ते चिडले म्हणून फुलं वाढली, आणि फुलं वाढली म्हणून आणखी लोक आले. काकांनी कळकळीनं म्हटलं, “साहेब, जरा हळू…” पण काकांचा आवाज, तो कितीसा पोचणार.

“मला हळू बोलायला सांगता? तुमचंच हे काम दिसतंय. हे चित्र मी आत्ताच्या आत्ता उतरवतो,” सचिव ओरडले, आणि फांदीवर जेवढ्या म्हणून कळ्या होत्या तेवढ्या सगळ्या एकदम फुलल्या.

समोर अख्खा हॉल गोळा झाला होता, फूल अन् फूल उमललं होतं, आणि चित्र मात्र उतरणार होतं. मग परीक्षक बाई गर्दीतून पुढे आल्या.

“उतरवा,” त्या म्हणाल्या. “पण आधी एकदा मागे वळून बघा.”

सचिव वळले. आपल्या रागाचं असं काही होत असेल याची त्यांना कल्पना नसावी. ते बघत राहिले आणि गप्प झाले. ते गप्प झाले तशी फुलं एकेक करून मिटू लागली, पाकळी पाकळीनं, अगदी काकांनी ठरवली होती त्याच बेतानं. सगळा हॉल श्वास धरून उभा होता. शेवटचं फूल मिटलं.

“थांबलात का?” परीक्षक बाई म्हणाल्या. “बोला की.”

“काय बोलू?” सचिव पुटपुटले. एक कळी उमलली.

त्यानंतर शांतता कुणी राखली नाही. काकूंनी सतराचा पाढा म्हटला. शिल्पकार बाईंनी घसा खाकरून एक जुनं गाणं म्हटलं, ते बेसूर होतं, पण फांदीला त्याचं काही नव्हतं. लोक रांग लावून उभे राहिले आणि काका एका खांबाला टेकून त्या उभ्या राहिलेल्या लोकांकडे बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला की मॅडमनी दोनदा हाक मारलेली त्यांना ऐकू आली नाही.

बक्षीस काही मिळालं नाही; ते एका तीनचाकी सायकलच्या शिल्पाला गेलं. पण चित्र भिंतीवर राहिलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या पाटीखाली मंडळाच्या शिक्क्यानिशी छोटी पाटी लागली होती: ‘या एका चौकटीसमोर उभे राहून मर्यादित स्वरूपात बोलण्यास हरकत नाही.’

शेवटच्या दिवशी संध्याकाळी काका फ्रेम न्यायला आले तेव्हा हॉल रिकामा होता. फक्त सचिव फ्रेमसमोर उभे राहून तिच्याशी काहीतरी हळू आवाजात बोलत होते. काकांची चाहूल लागताच त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“ही कोपऱ्यातली कळी,” ते म्हणाले, “काही केल्या उमलत नाही.”

“ती लांब आहे. जरा चिडून बघा.”

“आता कशाला चिडू? प्रदर्शन चांगलं झालं. तक्रार एकही नाही.”

“तेही खरं,” काका म्हणाले. त्यांनी वायर गुंडाळायला हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला. “साहेब, एक सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी मला ही अख्खी भिंत हवी आहे. काच न लावता.”

“काय?” सचिव ओरडले.

कोपऱ्यातली कळी उमलली.